फॉल्सम लेक : एकाच दिवशी चालणं, सायकल आणि घोडा जमेल का?

ओसरी

एप्रिलच्या मध्यावर पुण्याहून आई-बाबा येत आहेत. मुक्काम कॅलिफोर्नियात, सॅक्रॅमेंटोच्या पूर्वेला, फॉल्सम गावाजवळ. एक पूर्ण शनिवार फॉल्सम लेकच्या स्टेट पार्कमध्ये घालवायचा विचार आहे. माणसं पाच आणि मागण्या तीन:

आई-बाबा (६८ आणि ७२) रोज पर्वतीच्या पायथ्याशी फिरतात, पण आईचा गुडघा उतारावर बोलतो. त्यांना पाणी दिसेल अशी सपाट वाट हवी. नवऱ्याला माउंटन बाइक न्यायची आहे, खडकाळ वाट चालेल. मुलगी ९ वर्षांची आहे, तिला घोड्यावर बसायचंय. आजवर ती फक्त पाचगणीच्या टेबललँडवर बसली आहे.

नकाशावर तळ्याभोवती इतक्या रेघा आहेत की कुठली कोणासाठी, तेच कळत नाही. सगळ्यांनी एकाच ठिकाणी गाडी लावून तीन दिशांना जाता येईल का? आणि समोरून घोडा आला की नेमकं काय करायचं? बाबांना सवय सिंहगडाच्या वाटेची, तिथे फार तर गाढवं भेटतात.

---

पाऊलखूण

आधी नकाशाची उकल. ज्याला सगळे ‘फॉल्सम लेक’ म्हणतात तिथे तळी दोन आहेत. अमेरिकन नदीवरचं फॉल्सम धरण १९५६ मध्ये पुरं झालं, त्याच्या मागचा मोठा पसारा म्हणजे फॉल्सम लेक. धरणाच्या खाली, निंबस धरणाने अडवलेलं अरुंद लांबट पाणी म्हणजे लेक नॅटोमा. वरच्या धरणातून कमी-जास्त सुटणारं पाणी खाली समतोल करून सोडायचं, हे त्याचं काम. दोन्ही एकाच पार्कच्या हद्दीत येतात, पण चालणाऱ्याच्या दृष्टीने दोन वेगळी जगं आहेत.

नॅटोमाची पातळी फारशी हलत नाही, त्यामुळे काठाची वाट बाराही महिने खरोखर काठाची असते. फॉल्समची पातळी मात्र काही मीटर नव्हे, काही मजले वरखाली होते. भरलेलं तळं समुद्रसपाटीपासून ४६६ फुटांवर असतं. उन्हाळाअखेरीस पाणी इतकं मागे जातं की ‘लेकसाइड’ वाटेवरून मधली भेगाळलेली माती तेवढी दिसते. दुष्काळी वर्षांत तर धरणात बुडालेल्या मॉर्मन आयलंड या, सोनं शोधायला लोक लोटले त्या काळातल्या वस्तीचे दगडी पाये उघडे पडतात. तुम्ही एप्रिलमध्ये जाताय, डोंगरावरचं बर्फ वितळून तळं भरत असतं, डोंगरउतारावर पॉपी आणि लुपिनची फुलं असतात. म्हणजे वेळ उत्तम निवडली आहे.

आई-बाबांसाठी नॅटोमाच घ्या. उत्तर काठावर ब्लॅक मायनर्स बार आहे. जुन्या नकाशांवर आणि काही पाट्यांवर वेगळं नाव सापडेल, ते २०२२ मध्ये बदललं. तिथे गाडी लावायची, डांबरी सायकलमार्ग धरायचा. पाणी सतत दिसत राहतं, सावलीला ओक आहेत, स्वच्छतागृह आहे. अर्धा-पाऊण तास जायचं आणि आल्या वाटेने परतायचं. पूर्ण प्रदक्षिणा सुमारे १९ किमीची आहे, ती त्यांच्या गळ्यात घालू नका. गुडघ्याचा त्रास चढात नसून उतारात असतो, म्हणून जाताना उतार आणि येताना चढ अशी दिशा धरा, उलटं नको. दोन काठ्या असतील तर कोपर काटकोनात वाकेल एवढी उंची, आणि उतारावर ५ सेंमी लांब करा.

आता या डांबरी मार्गावरचा नियम, जो आपल्या लोकांकडून हमखास मोडला जातो. हा जेडेडाया स्मिथ मार्ग म्हणजे सॅक्रॅमेंटोच्या डिस्कव्हरी पार्कपासून फॉल्सम लेकच्या बील्स पॉइंटपर्यंत ३२ मैलांचा सलग सायकलमार्ग आहे. त्यावर सायकली उजवीकडून धावतात आणि चालणाऱ्यांनी डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या सायकलींकडे तोंड करून, डांबराबाहेरच्या कच्च्या पट्टीवर चालायचं असतं. आपल्याकडेही डावीकडूनच चालायची सवय, म्हणून बाबांना सोपं वाटेल. फरक एवढाच की इथे डावीकडे चालल्याने रहदारी पाठीमागे न राहता समोर येते. वेगमर्यादा ताशी १५ मैल आहे, पण सकाळी सराव करणारे सायकलवाले झुंडीने येतात. चौघांनी आडवी फळी करून गप्पा मारत चालू नका. ‘ऑन युअर लेफ्ट’ असं मागून ओरडलेलं ऐकू आलं की दचकून डावीकडे उडी मारायची नाही. तो डावीकडून पुढे जातोय, एवढंच तो सांगतोय. पाहुण्यांना हे तीन शब्द घरीच शिकवून ठेवा. नवखा माणूस ‘लेफ्ट’ ऐकून डावीकडेच सरकतो, आणि टक्कर तिथेच होते.

---

चेन_उतरली

नवऱ्याच्या मागणीचं बघतो.

खडकाळ वाट म्हणत असाल तर डॅरिंग्टन ट्रेल. सॅमन फॉल्स पुलाजवळून निघते, नदीच्या दक्षिण फाट्याच्या वर डोंगराच्या कुशीत खोदलेली एकपदरी वाट आहे, पेनिन्शुला कॅम्पग्राउंडकडे जाते. एका बाजूचं अंतर ८-९ मैल, म्हणजे जाऊन-येऊन २७-२८ किमी. पण ती पूर्वेच्या टोकाला आहे, ब्लॅक मायनर्स बारपासून गाडीनेच जावं लागेल. तेव्हा ‘एकाच ठिकाणी गाडी’ हा हट्ट सोडा. दोन गाड्या असतील तरच जमेल.

डॅरिंग्टनवर अडचण चढाची नाही, बाजूच्या उताराची आहे. वाट अरुंद, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खाली पाणी. हँडलबार ७८०-८०० मिमीचा असेल तर दरडीकडचं टोक खडकाला किंवा झुडपाला लागतं, पुढचं चाक झटकन दरडीकडे वळतं आणि तोल जातो. अशा जागी नजर बारच्या टोकाकडे न ठेवता ५-६ मीटर पुढे ठेवायची, आणि दरडीकडचं पेडल वर. पेडल खाली असताना दगडाला आदळणं हे इथल्या पडण्याचं दुसरं कारण. समोरून सायकल आली तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, कारण त्याला थांबून पुन्हा सुरू करणं कठीण जातं. उतरणारा कधीही सुरू करू शकतो.

टायर. २.३ इंची ट्यूबलेस, स्वार ७०-७५ किलोचा असेल तर पुढे २२ आणि मागे २५ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर पुढे-मागे २८ ते ३० ठेवा. त्याच्या खाली गेलात तर दगडाच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात. ३५ च्या वर गेलात तर ग्रॅनाइटच्या भुग्यावर चाक सुटतं. तळ्याच्या पश्चिम काठावर, ग्रॅनाइट बेच्या बाजूला हा भुगा सगळीकडे आहे. कुजलेल्या ग्रॅनाइटचे जाड रव्यासारखे कण, त्याच्याखाली घट्ट जमीन, म्हणजे फरशीवर साबुदाणा सांडल्यासारखं. तिथे वळणाच्या आधी ब्रेक संपवायचे, वळणात पुढचा ब्रेक दाबायचा नाही आणि वजन बाहेरच्या पेडलवर टाकायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: सराटा. हो, आपल्याकडचाच सराटा, गोखरू. इथे त्याला गोटहेड म्हणतात. माळावर अनवाणी पायात घुसतो तोच काटा इथे सायकलमार्गाच्या कडेला पसरलेला असतो. फळ असं घडलेलं असतं की कसंही पडलं तरी एक काटा वरच राहतो. जमिनीलगत पिवळ्या पाच पाकळ्यांचं फूल दिसलं की चाक डांबरावरच ठेवा. फोटोसाठी सायकल गवतात आडवी टाकणं हा पंक्चरचा सर्वांत खात्रीचा उपाय.

ट्यूबलेस २९ इंची चाकात १०० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) पुरतं, पण इथल्या कोरड्या हवेत ते तीन-चार महिन्यांत वाळून रबराचा गोळा होतं. चाक कानाजवळ धरून हलवा, डुचमळल्याचा आवाज नसेल तर नवीन घाला. ट्यूब असलेल्या सायकलीत काटा दिसला तर उपटायची घाई करू नका. बऱ्याचदा काटाच भोक बंद करून बसलेला असतो. हवा धरत असेल तर तसंच गाडीपर्यंत या. ट्यूब बदलावीच लागली तर नवी घालण्याआधी टायरच्या आतून हळूच बोट फिरवा. आत राहिलेल्या टोकाने नवी ट्यूब दहा मिनिटांत बसते आणि दोष ट्यूबला दिला जातो. दोन ट्यूब, दोन टायर-लिव्हर, पंप आणि ठिगळांची पुडी, एवढं सोबत हवंच. डॅरिंग्टनवर फोनला रेंज मिळेलच असं नाही.

---

तंग_आवळा

घोड्यांबद्दल एक गैरसमज आधीच काढून टाकतो. पाचगणी, महाबळेश्वर, माथेरानला घोडेवाला लगाम धरून पुढे चालतो, आपण फक्त बसलेले असतो. इथे तसं नाही. पार्कात तुम्हाला दिसणारे बहुतेक घोडे लोकांचे स्वतःचे, ट्रेलरमध्ये घालून आणलेले. काठावर उभं राहून ‘एक चक्कर’ घेता येत नाही. परिसरातल्या एखाद्या तबेल्याची मार्गदर्शकासह सफर आधीच ठरवावी लागते. तिथे लगाम मुलीच्याच हातात असेल, मार्गदर्शक पुढच्या घोड्यावर. म्हणून फोनवर हे विचारा: कमीत कमी वय किती (बऱ्याच ठिकाणी ७-८ च्या पुढे), पहिल्यांदा बसणाऱ्याला वाटेवर नेण्याआधी कुंपणातल्या रिंगणात फिरवतात का, मुलांचा घोडा मार्गदर्शकाच्या घोड्याला दोरीने बांधून नेता येतो का, शिरस्त्राण त्यांचं की आपलं. सायकलचं हेल्मेट घोड्यावर चालत नाही. ते मागून आणि बाजूने डोकं पुरेसं झाकत नाही. कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्यांना सायकलवर हेल्मेट कायद्याने लागतं, ते वेगळं.

पायात बंद बूट, अर्धा इंच टाच असलेले. सपाट तळाचे स्पोर्ट्स शूज घातले तर पाऊल रिकिबीतून आरपार जाऊ शकतं, आणि स्वार पडला तर तो फरफटत जातो. टाच हा त्याचा अडसर. उलट जाड खाचांचे ट्रेकिंग बूटही नकोत, ते रिकिबीत अडकतात. पाऊल फक्त चवड्यापर्यंत रिकिबीत, टाच खाली. लांब पँट हवी, नाहीतर रिकिबीच्या पट्ट्याने पोटऱ्या सोलवटतात.

खोगिराचा तंग (पोटाखालून आवळायचा पट्टा) बांधताना अनेक घोडे छाती फुगवून धरतात. बांधून झाल्यावर श्वास सोडला की तंग सैल होतो, आणि चढताना खोगीर एका बाजूला फिरतं. म्हणून बसण्याआधी एकदा, आणि १०-१५ मिनिटं चालल्यावर पुन्हा एकदा तंग आवळून घ्यायचा. मार्गदर्शकाने हे स्वतःहून केलं तर तबेला बरा आहे असं समजा.

मोठ्यांपैकी कोणी बसणार असेल तर वजनाचं गणित: स्वार अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत. ४५० किलोचा घोडा ९० किलो नेईल. वेस्टर्न खोगीरच १५ किलोच्या आसपास असतं, म्हणजे स्वारासाठी ७५ उरले. तबेला वजन विचारतो त्यात अपमान वाटून घेऊ नका, आणि पाच किलो कमीही सांगू नका.

वाट. घोडे आणि चालणारे यांच्यासाठीच राखलेली पायोनियर एक्स्प्रेस ट्रेल पश्चिम काठाने बील्स पॉइंट–ग्रॅनाइट बे–रॅटलस्नेक बार अशी वर ऑबर्नकडे जाते. ऑबर्न हे घोडेस्वारांचं माहेर आहे: १९५५ पासून चाललेली टेव्हिस कप ही एका दिवसात १०० मैल घोडदौडीची शर्यत तिथेच संपते. ग्रॅनाइट बेला ट्रेलर लावण्याची स्वतंत्र जागा आहे. तिथल्या लांबट चौकटीत तुमची गाडी लावू नका, आणि ट्रेलरच्या मागे ५-६ मीटर मोकळे सोडा. घोडा मागच्या फळीवरून, पाठमोरा उतरतो. मागे गाडी लावली असेल तर त्याला उतरवताच येत नाही.

सायकलवाल्यांना एक सांगणं. ग्रॅनाइट बेच्या उत्तरेला सायकलींना मोकळ्या असलेल्या वाटा आणि पायोनियर एक्स्प्रेस जवळजवळ जातात. फाट्यावरचा तपकिरी खांब वाचा. त्यावर घोडा, सायकल, माणूस यांची चित्रं असतात, आणि ज्याला मनाई त्यावर लाल रेघ. ॲपमधल्या रेघेपेक्षा खांब खरा. कुठली वाट कोणाला खुली, हे पार्क बदलत असतं आणि ॲपमध्ये जुनंच राहतं.

---

ओसरी

खूपच उपयोगी. दोन गाड्या आहेत, म्हणजे नवरा डॅरिंग्टनला वेगळा जाईल. तीन प्रश्न उरले. समोरून घोडा आला तर वाटेच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं? दरीच्या बाजूला उभं राहा असं एका ठिकाणी वाचलं, ते उलटं वाटतं. दुसरं, तीन पानांची कसली विषारी झुडपं असतात म्हणे. आईला बिब्बा जबरदस्त उततो, तिने काळजी घ्यावी का? आणि तिसरं, मुलीला घोडा नाहीच मिळाला तर तिच्यासाठी सायकलची सोपी वाट कुठली?

---

तंग_आवळा

उलटं वाटतं, पण बरोबर आहे, आणि कारण घोड्याच्या डोक्यात आहे. घोडा भक्ष्य असलेला प्राणी. त्याच्यावर झडप येते ती वरून. डोंगराच्या वरच्या अंगाला झुडपात कोणी दबा धरून उभं असेल तर त्याला ते बिबट्यासारखंच दिसतं, आणि तो उडी मारतो ती तुमच्यापासून लांब, म्हणजे दरीकडे. तुम्ही खालच्या अंगाला असाल तर घाबरून तो वर डोंगराकडे सरकेल. स्वार वाचतो.

पण त्याआधी आवाज. ‘हॅलो’ म्हणा, नुसतं उभं राहू नका. बोलणारी वस्तू माणूस असते हे घोड्याला कळतं. पाठीवरची मोठी सॅक, उघडी छत्री, फडफडणारा पोंचो, खांद्यावर बसलेलं मूल, यांनी माणसाचा आकार बदलतो आणि घोडा बिथरतो. टोपी काढायची गरज नाही, छत्री मात्र मिटा. काठ्या एका हातात खाली धरा. मागून येत असाल तर २०-२५ मीटरवरूनच विचारा, ‘पुढे जाऊ का?’ आणि स्वाराने हो म्हटल्यावरच चालत जा. घोड्याला थेट पाठीमागचं दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीला तो लाथ मारतो. सायकल तर सर्वांत वाईट, कारण ती वेगात येते आणि आवाज करत नाही. पायउतार व्हा, थांबा.

मुलीने घोड्याला न विचारता गाजर द्यायचं नाही. इथल्या माळावर पिवळी स्टार थिसल नावाची काटेरी तण वाढते. ती जास्त दिवस खाल्ली तर घोड्याच्या मेंदूला कायमची इजा होते, त्याला चावता-गिळता येत नाही. त्यामुळे घोडा वाटेवर काय तोंडात घेतो याबाबत मालक फार कडक असतात. विचारून द्या.

---

पाऊलखूण

खालच्या अंगाचा नियम मान्य, पण ७२ वर्षांच्या माणसाला सुटलेल्या भुग्याच्या उतारावर उभं करायचं नाही. वाट रुंद असेल तर कडेला. अरुंद आणि उतार उभा असेल तर स्वाराला विचारायचं, ‘तुम्हाला आम्ही कुठे हवे?’ तो घोड्याला ओळखतो, तोच सांगेल. पंचवीस पावलं मागे जाऊन रुंद जागी थांबणं हाही मार्ग आहे. तसंही आई-बाबा नॅटोमाच्या डांबरी मार्गावर असतील, तिथे घोड्यांची वाट बरीचशी वेगळी, कच्ची आहे.

कोणी कोणाला वाट द्यायची ते: सायकल सगळ्यांना देते, चालणारा घोड्याला देतो, घोडा कोणालाही देत नाही. पिवळ्या तिकोनी पाट्यांवर हेच काढलेलं असतं.

---

कडू_कारलं

बिब्ब्याच्या प्रश्नासाठी आलो. होय, आईंनी जास्तच काळजी घ्यावी.

पॉयझन ओक हा ओक नाहीच. तो आंबा, काजू, बिब्बा यांच्याच कुळातला. त्याच्या तेलात उरुशिऑल नावाचं द्रव्य असतं. बिब्ब्याचं तेल, काजूच्या टरफलाचं तेल, आंब्याच्या सालीतला चीक यांतली द्रव्यं त्याचीच भावंडं. ज्यांच्या अंगाला एक लागलं की उततं, त्यांना दुसऱ्याने उतण्याची शक्यता मोठी. कोकणात ज्यांना आंब्याच्या चिकाने ओठ उलतात त्यांनीही हे लक्षात ठेवावं.

ओळख: पळसाला पानं तीनच, तशी यालाही तीनच. मधलं पान लांब देठाचं, दोन बाजूची देठाशिवाय. कडा ओकसारख्या गोलसर कातरलेल्या. एप्रिलमध्ये पानं कोवळी, लालसर-हिरवी आणि चकचकीत असतात. शरद ऋतूत ती सुरेख लाल होतात, मुलं नेमकी तेव्हाच वहीत ठेवायला तोडतात. हिवाळ्यात नुसत्या काड्या उरतात, पण तेल काड्यांतही असतं. ओलसर ओढ्याकाठी, ओकच्या सावलीत, कधी झुडूप तर कधी झाडावर चढलेली वेल. डॅरिंग्टनवर वाटेच्या दोन्ही अंगांनी आहे, तेव्हा नवऱ्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा.

चुकून लागलं तर वेळ महत्त्वाची. पहिल्या १०-२० मिनिटांत गार पाणी आणि भांड्याचा साबण घेऊन कापडाने घासून धुवा. हे तेल आहे. मोटारीच्या ग्रीससारखं समजा, नुसतं पाणी ओतलं तर पसरतं. तीनदा साबण, तीनदा पाणी. मग पुरळ १२ तासांपासून तीन दिवसांत कधीही येतो. फोडातल्या पाण्याने तो पसरत नाही. पसरल्यासारखा वाटतो, कारण जिथे तेल कमी लागलं तिथे तो उशिरा उठतो, किंवा न धुतलेल्या बुटाची नाडी, सायकलची मूठ, लगाम, कुत्र्याचे केस पुन्हा हाताळले जातात. कपडे वेगळे धुवा. चेहरा सुजला किंवा डोळ्याजवळ आला तर घरगुती लेप करत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि बिब्ब्यावर करतात तसे तिळाचे वगैरे उपाय ताज्या तेलावर अजिबात नकोत, तेलावर तेल लावलं की ते आणखी पसरतं.

गोचिडी: गवताच्या टोकावर बसलेल्या असतात, पावसाळी हिवाळा ते वसंत हा त्यांचा जोर. लाइम रोग पसरवणारी जात इथे आहे. पँट मोज्यात खोचा, परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, कमरेच्या इलॅस्टिकखाली तपासा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, काडी, व्हॅसलिन काही नाही.

रॅटलस्नेक: एप्रिलमध्ये ऊन खायला वाटेवर येतात. आपल्याकडच्या चापड्याच्या गोतातला, उष्णता ओळखणारा खळगा असलेला विषारी साप. खुळखुळा वाजवतोच असं नाही. दगडावर, लाकडाच्या ओंडक्यापलीकडे हात-पाय न बघता टाकू नका. चावलाच तर आवळपट्टी नको, काप देणं-चोखणं नको, बर्फ नको. अंगठी-घड्याळ काढा, हात-पाय हलवू नका, ९११.

---

चेन_उतरली

मुलीच्या सायकलचं: ब्लॅक मायनर्स बारवरूनच नॅटोमाच्या उत्तर काठाने ३-४ किमी जायचं आणि परतायचं. आजी-आजोबाही त्याच वाटेवर असतील. बील्स पॉइंटवरून सुरू करू नका. तिथून फॉल्समकडे मस्त उतार आहे, मूल आनंदाने खाली जातं, आणि वरचं तळं नॅटोमापेक्षा जवळपास १०० मीटर उंच आहे हे परतताना कळतं. शेवटी तुम्ही दोन सायकली ढकलत वर येता.

मोठ्यांना पूर्ण प्रदक्षिणा करायची झाली तर फॉल्सम गावातल्या जुन्या लोखंडी पुलावरून पलीकडे जाता येतं. तो १८९३ चा पूल मधली कित्येक दशकं कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला सिस्कियू काउंटीत दुसऱ्याच नदीवर उभा होता, नंतर तुकडे करून परत आणला. आता फक्त चालणारे आणि सायकली. २० इंची चाकाच्या मुलांच्या सायकलीत ३५ पीएसआय पुष्कळ. टायरच्या बाजूवर कमाल आकडा लिहिलेला असतो, तो गाठायचा असा अर्थ नाही.

---

ओसरी

म्हणजे असं ठरवते: सकाळी ८ ला आई-बाबा, मुलगी आणि मी ब्लॅक मायनर्स बारला. नवरा ८ ला सॅमन फॉल्सला. ११ ला सगळे ग्रॅनाइट बेला भेटून डबा, दुपारी १ ला मुलीची घोड्यावरची सफर. पाणी माणशी एक लिटर. बरोबर?

---

पाऊलखूण

दोन दुरुस्त्या. ११ ला ग्रॅनाइट बे नको. एप्रिलमधला उबदार शनिवार असेल तर तेव्हा प्रवेशाजवळ गाड्यांची रांग लागते, आणि उन्हाळ्यात तर जागा भरली की फाटकच बंद करतात. डबा ब्लॅक मायनर्स बारलाच खा, तिथे टेबलं आहेत. दिवसाच्या प्रवेशाची पावती काचेवर ठेवा आणि दुसऱ्या फाटकावर तीच चालते का ते पहिल्याच ठिकाणी विचारून घ्या.

आणि डॅरिंग्टनला एक लिटर नाही पुरणार. २८ किमी, तीन ते चार तास, वाटेत पिण्याचं पाणी धरायचं नाही. एप्रिलच्या गार दिवशी तासाला अर्धा लिटर, म्हणजे दोन लिटर आणि शिवाय अर्धा राखीव. ३० अंशांवर गेलं तर तासाला पाऊण. लिटरमागे पाव चमचा मीठ, सहा चमचे साखर, लिंबू. चालणाऱ्यांना माणशी एक लिटर ठीक.

---

तंग_आवळा

घोडा दुपारी १ ला नको, सकाळी घ्या. तबेल्याची पहिली फेरी ८-९ ची असते, घोडे ताजे, माश्या कमी, वाटेवर सायकली कमी. चौथ्या फेरीतला घोडा परतीच्या वाटेवर तबेल्याच्या ओढीने पाय उचलतो, आणि नवख्या मुलाला तो आवरत नाही. मुलगी सकाळी घोड्यावर, दुपारी सायकलवर. उलट केलंत तर सायकलने दमलेल्या मांड्यांनी तिला खोगिरावर धरून बसता येणार नाही. आणि सफर ४५ मिनिटं ते तासाचीच घ्या. दीड तासाची घेतलीत तर दुसऱ्या दिवशी तिला जिना उतरता येणार नाही.

---

चेन_उतरली

नवऱ्याला निघण्याआधी मागच्या चाकाचा अक्षदांडा तपासायला सांगा, गाडीवरच्या रॅकवरून उतरवल्यावर तो निम्म्या वेळा अर्धवट आवळलेला असतो. आणि परत आल्यावर सायकल गाडीत घालायच्या आधी दोन्ही चाकं फिरवून सराटे काढा. डिकीतल्या गालिच्यात एक जरी पडला तरी तो पुढच्या आठवड्यात आईंच्या पायात निघतो.

---

ओसरी

घोडा सकाळी ९ ला हलवते. तबेल्याला दोरीने बांधून नेण्याचं आणि शिरस्त्राणाचं उद्या फोन करून विचारते. मुलीकडे टाचेचे बूट नाहीत, रबरी गमबूट चालतील का?

---

तंग_आवळा

टाच अर्धा इंच असेल आणि पावलाला घट्ट बसत असतील तर एक तासासाठी चालतील. सैल असतील तर नको, पाऊल आत फिरतं आणि बूट रिकिबीत राहून पाय बाहेर येतो. आधी तबेल्यालाच विचारा, बरेच जण मुलांच्या मापाचे बूट ठेवतात.